डाव्या पायाचे बूट

मालकाच्या आईचं नाव होतं तिला, मार्गरेट स्टोबर्ट.
म्हातारी आयुष्यात कधी आगबोटीत चढली नाही.
टाइनच्या मुखाशी कोळसा भरायचा,
ला प्लाताहून गहू आणायचा,
एकवीस वर्षं हेच. तिच्या अंगाला
दोनच वास लागले, आणि आम्हालाही.

मग सरकारी कागद आला.
त्यात तिचं नाव नव्हतं, नुसते टन होते.
लाल धुराड्याला दोन दिवसांत करडा रंग चढला,
घाईघाईत, गंज न खरवडताच.
मागे एक तोफ बसवली,
तोफेपेक्षा तोफवाला वीस वर्षांनी लहान,
हॅरल्ड टिंडल, बेकरीतून उचललेला,
गोळा हातात घ्यायचा तोही
पाव भट्टीतून काढावा तसा.

इंजिनाला मात्र लढाईचं कुणी सांगितलं नाही.
तीन सिलिंडर, तीच खोकल्याची लय.
मी तिसरा इंजिनियर, हातात तेलाची झारी,
खाली भट्ट्यांपाशी साउथ शील्ड्सचे येमेनी:
सालेह मुक्बिल, कायद नासर, आणखी चौघे.
फावडं, कोळसा, राख. फावडं, कोळसा, राख.
ताफ्याच्या म्होरक्याकडून निशाणं यायची: धूर कमी करा.
सालेह म्हणायचा, कोळसा द्यायचा असला,
आणि धुराचं खापर आमच्या माथी.

मार्गरेटला एक बहीण होती, एलेन.
त्याच गोदीत, त्याच आराखड्यावर, त्याच उन्हाळ्यात बांधलेली.
सालेहचा धाकटा भाऊ मुसन्ना
एलेनच्या भट्टीवर.
त्या खेपेला दोघींत बूट भरले.
कुणा कारकुनाची अक्कल:
डावे सगळे एकीत, उजवे सगळे दुसरीत,
चोराच्या हाती जोड लागायला नको.
आम्ही पोट धरून हसलो.
सालेह म्हणाला, उजवे त्याच्याकडेच जायचे,
जेवतानाही तो आईच्या उजव्या हाताला बसायचा.

नॉर्वेच्या माथ्यावर, पाचव्या रात्री,
वरच्यांना उजेड दिसला.
खाली आम्हाला नुसता ठोका,
बाहेरून पत्र्यावर कुणी घण मारावा तसा.
टेलिग्राफचा काटा हलला नाही.
पुढे, पूर्ण वेगात.
थांबायचं नाही, हा हुकूम पाठ होता.
नळीतून नाव आलं. मी सालेहला सांगितलं,
सांगितलं म्हणजे ओरडलो, इंजिनाच्या वरताण.
त्याने भट्टीचं दार उघडलं, फावडं भरलं.
वाफेचा काटा एक रेघही उतरला नाही.
भावापासून आम्हाला दूर नेणारी वाफ
त्याच्याच हातची होती.
हे मला नंतर सुचलं.
नंतर म्हणजे किती वर्षांनी.

अर्खांगेल्स्कला बर्फ फोडत पोचलो.
माल उतरवायला सगळ्या बायका.
झिनाइदा येगोरोव्ना त्यांची मुकादम,
तिने पहारीने खोकं फोडलं. डावा.
दुसरं. डावा. चौथ्या खोक्याला
ती माझ्याकडे बघत राहिली.
मी समुद्राकडे बोट दाखवलं.
दुभाषी काही बोलणार होता, तिने हातानेच थांबवलं.

सोलोम्बालातला एक चांभार, म्हणे,
डावे भिजवून, ताणून, उजवे करायचा,
आठवड्याला अकरा. खोकी शेकड्यांनी होती.
निघायच्या आदल्या दिवशी गोदीतल्या बर्फात
पावलं दिसली: डावं, डावं, डावं, डावं,
एका पायावर उड्या मारत कुणी घरी गेल्यासारखी.

परतीला लाकूड भरलं.
पावतीवर आमचा आकडा बरोबर होता.
त्याखाली दुसरी ओळ, उजव्यांची,
तिथे बाईने काहीतरी लिहिलेलं.
मागाहून येत आहेत, दुभाषी म्हणाला,
असंच लिहायची पद्धत आहे.

कागदावर काय होतं? सालेहने विचारलं.
मी म्हटलं, आकडा जुळला.
तो खाली गेला. वाफ धरायची होती.