पान सतरा

प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं.
मुखपृष्ठ फाटलं, पहिली दहा पानं गळाली,
तरी त्या पानावरचा शिक्का सांगतो
पुस्तक कुणाचं.
वडपिंप्रीचं पान सतरावं.
सोमवारी तिथे मोजणी करताना
एका जाड चरित्रात, शिक्क्याच्या कडेला
मी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं.
का, ते विचारू नका.
एकोणीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाची बोटं
आपापलं काहीतरी करत असतात.

गुरुवारी अनेर ओलांडून सातोदरी.
वर्ग ब. दाखल नोंदवहीत पाच हजार एकशे सहा.
खत-बियाण्यांच्या दुकानावरचा मजला,
दाराचा रंग इतका ताजा की हाताला आला.
कपाटं पुरली नाहीत म्हणून
पुस्तकं जमिनीवर, चवडीने,
आणि चवडींखाली
केळीची वाळली पत्ती,
टेम्पोत घडांखाली घालतात तशी.

अध्यक्ष हिरामण अण्णा म्हणाले, मोजा साहेब, निवांत मोजा.
चहा आला.
चहामागून शेवभाजीचा विषय आला.
ग्रंथपाल शोभना बाविस्कर कोपऱ्यात उभ्या,
नोंदवही पोटाशी धरून.
शाई एकच, अक्षर एकच,
तीन वर्षांची पुस्तकं एका रात्रीत दाखल झालेली.
मी वर पाहिलं.
त्या खाली बघत होत्या.

दोन हजार एकशे अठ्ठावन्न. तिथे थांबलो.
जाड चरित्र. कडेला केळीच्या चिकाचा डाग.
हा डाग धोतरावरून जात नाही,
कागदावरून कुठला जाणार?
पान सतरा.
वडपिंप्रीच्या निळ्या शिक्क्यावर
सातोदरीचा जांभळा, जरा तिरका,
आणि बाजूला
माझं टिंब.

मी काही बोललो नाही.
पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं.
खाली पंखा फिरत होता, युरियाचा वास वर येत होता.

तेवढ्यात जिन्यात एक पोरगी,
शाळेचा गणवेश, पायात चप्पल नाही.
तिला वाटलं, मीच टेम्पोवाला.
"भाऊ, हाई गाडी परत कव्हय यी?
मी आर्धंच वाचेल शे."
अण्णा हसले. कोणाची रे ही, म्हणाले.
शोभनाताई पहिल्यांदा बोलल्या:
साहेब, काल रात्री पुस्तकं उतरली,
तेव्हापासून इथंच बसली होती.
मी नाही हाकललं.

मग जिन्याच्या वळणावर, हळू आवाजात:
अकरा महिने झाले पगाराला.
तुम्ही खरं लिहिलं तर
दुसरा हप्ता यायचा नाही.
खोटं लिहिलं तर येईल,
पण माझ्यापर्यंत नाही.
तुम्हाला काय सोपं पडतं बघा.

आता माझंही लिहितो,
कारण आमच्या टेबलाची मोजणी करायला
कोणी येत नाही.
सकाळी मी चोपड्याहून आलो
अण्णांच्याच जीपमधून.
प्रवासभत्त्याच्या बिलाला लावायला
खिशात एसटीचं तिकीट तयार होतं,
कंडक्टरकडून मागून घेतलेलं, दुसऱ्या कुणाचं.
बेचाळीस रुपये.
तेही एक गुप्त पानच.

तिकीट काढलं, फाडलं.
अण्णांना वाटलं, चिठ्ठी असेल.
प्रपत्रात लिहिलं:
प्रत्यक्ष आढळलेली, संस्थेच्या मालकीची, दोनशे बारा.
बाकीची दुसरीकडे मोजून झालेली.
सही केली. शिक्का मारला.
हात थरथरला का, आठवत नाही.

परत जायला जीप नव्हती, अर्थातच.
फाट्यावर दीड तास उभा राहिलो.
केळीचे ट्रक जात होते, पत्ती उडत होती.
त्यातला एक टेम्पो ओळखीचा वाटला,
ताडपत्री घट्ट बांधलेली.

अहवाल संचालनालयात पोचल्याला सात महिने झाले.
"विचाराधीन", असं उत्तर आलं, दोन वेळा.
शोभनाताईंचा फोन आला, एकदा. मी उचलला नाही.

त्या मुलीला तेव्हा विचारलं होतं,
कुठल्या पानापर्यंत आलीस?
ती म्हणाली, एकसष्ट.
डायरीत लिहून ठेवलंय.
हा आकडा कुठल्याही रकान्यात बसत नाही.