सदतीस अंश

बाहेर जळगाव सेहेचाळीसवर,
डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत कपाटात, सदतीस अंशांच्या गारव्यात
मी कुणाच्या तरी घशाच्या पेशी वाढवते.
तो कुणीतरी केव्हाच गेला. पेशींना कळवलेलं नाही.

सुपडूभाऊ सावद्याहून केळफुलं आणतात,
दर शुक्रवारी, एसटीत मांडीवर पोतं घेऊन.
"फूल दुखलं तं चीक जातो, ताई."
मी जांभळी पानं सोलते, बोटं काळी होतात,
तेल लावायचं दरवेळी विसरते.
मग वाटणं, गाळणं, उडवणं.
उरतं नखभर पिवळट काहीतरी
ज्याला नाव नाही, फक्त आकडा.

किरण पेशीला फाडतो,
ती रात्रभर बसून स्वतःला शिवते.
हे नखभर पिवळट म्हणजे
तिच्या डब्यातली सुई लपवणं.
अकराव्या ताटलीत लपली!
सकाळी मोजल्या : शंभरातल्या सतरा उरलेल्या,
बिनफुलाच्या ताटलीत एकेचाळीस.
एकटीच होते. खुर्ची दोनदा गरकन फिरवली.

मग निरोगी पेशींची ताटली उघडली.
तिथलीही सुई हरवलेली,
पुरती नाही, पण हरवलेली.

या शुक्रवारी सुपडूभाऊ आले
मे महिन्यात गळ्याला उपरणं गुंडाळून.
सोडलं, तर मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा, एक फुली,
थेट केळफुलाचा रंग.
"धुळ्याले जातो रोज. पस्तीस खेपा सांगितल्या, तेरा झाल्या.
रेघ पुसायची नाही म्हने.
बायको खांद्याखालूनच पानी टाकते."
मग टेबलाकडे बघत, खरखरत,
"हे माह्यात घालता येईन का?"

सांगितलं, ताटलीला पोट नसतं, यकृत नसतं,
तिथून जाता जाता याचं काही उरत नाही.
सांगितलं, दहा वर्षं.
सांगितलं, कदाचित कधीच नाही.
खेपा चुकवू नका, एवढं मात्र
दोनदा सांगितलं.
घरी भाजी केली तर खा, औषध म्हणून नको.
"भाजी कुठली," ते म्हणाले, "ताक उतरत नाही."

नऊ फुलं होती. मोजून घ्यायला लावली,
पावतीवर सही केली, पूर्ण नावाची.
जाताना कपाटाच्या काचेवर तळवा ठेवला.
"गार हाये व आत."

दुपारी लाइट गेली.
जनरेटरला चार मिनिटं लागतात.
मी दाराला पाठ लावून उभी राहिले,
ते तसंही घट्टच लागतं.