छाननी

सुकदेवदादा नोटप्रेसच्या छाननीत होता, एकतीस वर्षं.
पसरलेली शाई, सरकलेला नंबर
अंगठ्याखालून सुटायचा नाही त्याच्या.
घरीसुद्धा वाण्याचं बिल उजेडाला धरून बघायचा.

आत मात्र जन्मापासून छपाई चालू होती.
ना दुखणं, ना कावीळ.
भोंगा झाला की डबा, सायकल, जेलरोड.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं :
विषाणू पेशीच्या अक्षरात आपलं अक्षर घुसवतो,
पेशी तेच खरं मानून पुढची प्रत काढते.
सूज येते, व्रण पडतो,
व्रणाशेजारी पुन्हा नव्या पेशी, घाईघाईत,
आणि वर्षानुवर्षांच्या त्या घाईत कधीतरी अशी एक निघते
जिला थांबणंच ठाऊक नाही.
दादाने मान हलवली.
"म्हणजे नोटेत नाही, प्लेटमध्येच खोट."

साडेपाच सेंटिमीटर.
दहाची दोन नाणी शेजारी शेजारी, त्याने मोजलं.

खाटकाकडे काळीज मागितलं तर तो लिव्हर देतो.
आपण काळजावर हात ठेवतो तो डावीकडे.
उजवीकडे, बरगडीखाली, कोण ठेवतं?

तेराव्याच्या जेवणावळीत लोक विचारत होते, द्रोण सारत,
हळूच : घ्यायचा का हो?
द्राक्षांच्या या मुलखात राहून
त्याने मनुका तेवढ्या खाल्ल्या.

ट्रंकेत विजेच्या बिलांमागे पत्र सापडलं,
सत्त्याण्णवच्या रक्तदान शिबिराचं :
यापुढे रक्त देऊ नये. दवाखान्यात भेटावे.
घडी बारीक, मोडून मोडून मऊ झालेली.

आईकडून आलं ते आम्हा दोघांना.
तिने कधी दुजाभाव केला नाही.

मला बाळंतपणात कळलं होतं.
म्हणून पोरीला, अंग पुसायच्या आधीच,
दोन मांड्यांत दोन सुया.
ती सुटली.
तेव्हाच दादाला सांगायचं.
पण बायकांच्या दवाखान्यातलं काहीतरी,
ते माहेरी कशाला न्यायचं, असं म्हणून
मी ते पर्समध्ये ठेवलं. अठरा वर्षं.

आता रात्री एक गोळी, रोज.
दर सहा महिन्यांनी बिटकोजवळच्या त्या थंड खोलीत
डाव्या कुशीवर वळा, म्हणतात. वळते.
श्वास रोखा. रोखते.
पडद्यावर करडी पानं सरकत जातात,
आणि चादरीखाली
माझा अंगठा
एकेक मोजत राहतो.