विलंब शुल्क

खिडकी क्रमांक तीन. काचेला खाली अर्धगोल भोक,
त्यातून आत येतात चलनं, घामट नोटा
आणि कधी एखादा चेहरा, वाकून.
ती वाकली तेव्हा आधी वेण्या दिसल्या,
डोक्याला धरून, ओळीनं,
शेतात सऱ्या पाडाव्यात तशा.

नाव? तियामिके.
आडनाव? चिर्वा.
वडिलांचं नाव?
ते आम्ही मध्ये लावत नाही, म्हणाली.
पण मधला रकाना रिकामा ठेवला
की आमचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही.
मी तिथे एक टिंब टाकलं.
त्या दिवसापासून बडोद्यात ती टिंबासकट राहिली:
तियामिके . चिर्वा,
पोषणशास्त्र, पदव्युत्तर, परदेशी कोटा.

परदेशी कोटा म्हणजे फी डॉलरमध्ये.
तिच्याच बाकावरची ऋजुता पाध्ये
वर्षाला जेवढं भरते
तेवढ्यात हिची दिवाळीसुद्धा येत नाही.
हे मी ठरवलेलं नाही.
मी पावती फाडते.

तिच्या देशात पैशाला क्वाचा म्हणतात.
क्वाचा म्हणजे पहाट, तिनं सांगितलं,
हप्त्याच्या हमीपत्रावर सही करता करता, सहज.
मला आवडलं. शंभर पहाटा. पाचशे पहाटा.
भाऊ मिनीबस चालवतो, मामा मका विकतो,
चर्चमधल्या बायकांनी केक विकून डबा भरला,
आणि एका रात्रीत तिकडच्या सरकारनं
पहाटेचा भाव जवळजवळ निम्म्यावर आणला.
"पैसे तेवढेच आहेत, मॅडम," ती म्हणाली,
"फीच लांब गेली."

व्हिसावर नोकरी चालत नाही.
रात्री ती मैत्रिणींच्या वेण्या घालते, चार-चार तास,
बोटांना पेटके येईपर्यंत.
त्याची पावती नसते.

फत्तेगंजात तिनं अकरा घरं पाहिली.
फोनवर प्रत्येक खोली रिकामी होती,
ती दारात पोचेपर्यंत भरून गेलेली.
"अपाई गयो, बेन,"
आणि जाळीच्या दाराची कडी.
ही तक्रार नव्हती.
बोनाफाइडवर पत्ता कुठला घालू, असं मी विचारलं
म्हणून निघालं.

दांडिया बाजारात आमची वरची खोली
तेव्हा रिकामीच होती.
घरी यांना विचारते, असं मी मनात म्हणाले
आणि यांना विचारलं नाही.
नवा अर्ज पुढे सरकवला.
पत्त्यापुढे तिनं वसतिगृहातल्या मैत्रिणीची खोली लिहिली,
पेन्सिलनं.

शेवटची तारीख पंधरा, शनिवार.
पैसे वाटेत कुठल्याशा बँकेत अडकले
आणि सुटले सोमवारी, सतराला.
नियम असा की रोजचा दंड, तोही डॉलरमध्ये,
आणि परीक्षेच्या यादीतून नाव खाली.
ती काही बोलली नाही. भोकातून चलन आत ढकललं
आणि हात तिथेच राहू दिला, तळवा वर.

माझ्या शिक्क्याला रबरी चाकं आहेत.
दिवसाचं चाक घट्ट फिरतं, नखानं रेटावं लागतं.
मी रेटलं. सतरा, सोळा, पंधरा.
ठप्प.
बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.
ऑडिटला कळेल तेव्हा कळेल.
जांभळी शाई अंगठ्यावर राहिली,
रात्री कणीक मळताना
यांनी विचारलं, काय लागलंय?
मी म्हटलं, ऑफिसचं आहे, जाईल.

पुढच्या वर्षी सगळं पोर्टलवर गेलं.
मला आवक-जावकला बसवलं.
पोर्टल रात्री बाराला आपोआप मिटतं.
त्याला चाक नाही, नख लागायला जागा नाही.
तिचं शेवटचं सेमिस्टर त्यातच होतं.

मे महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी शोधून पाहिलं.
नाव येतं. मध्ये माझं टिंब येतं.
पुढे लाल अक्षरांत: थकबाकी.
त्याच्या पुढचं पान उघडायची परवानगी
माझ्या लॉगिनला नाही.

शिक्का ड्रॉवरमध्ये आहे. पंधरावरच.
वरच्या खोलीत यांनी कांदे पसरलेत, वाळायला.