पुठ्ठ्यावरचे डाग

रात्री कुलरच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून
गाडीखाली सरकवते, कोपऱ्यांवर विटांचे तुकडे.
सकाळी सहाला, ऊन अजून भिंतीपलीकडे असताना,
ओढून बाहेर काढते आणि उकिडवी बसून वाचते.
काळा, बोटांना चिकटणारा : इंजिन ऑइल.
हिरवट, गोडसर वासाचा : कूलंट. हा वाईट.
मागच्या चाकाशी तेलकट पिवळा दिसला
तर गाडी जागची हलवायची नाही, तो ब्रेकचा.
नुसतं पाणी एसीचं असतं,
पण आमचा एसी दोन मालकांआधीच वारला,
म्हणजे ते मांजरीचं.

धंतोलीतल्या लॅबमध्ये दिवसभर मी लोकांचं रक्त वाचते.
हे तसंच आहे,
फक्त इथे खाली सही करायला डॉक्टर नाही.

दोन हजार चारची मारुती, एमएच एकतीस,
बेचाळीस हजारांत. डाव्या मागच्या दाराचा पांढरा वेगळा.
आमच्या घरातली पहिली.
म्हणजे, स्वतःची पहिली.
बाबांनी पाटबंधारेच्या गाड्या एकतीस वर्षं चालवल्या,
मागच्या सीटवर एकदाही बसले नाहीत.

मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलला उभं राहिलं
की काटा चढायचा.
धावत राहिलं की उतरायचा.
गड्डीगोदामच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं,
हेड गॅस्केट, मॅडम. अठरा हजार.
माझ्याकडे एक तारखेपर्यंत सव्वीसशे होते,
त्यातले नऊशे सिलिंडरचे.

बाबा म्हणाले, काहून एवढी घाई करून राहिला तो?
आधी फुकटाचं पाह्य. मग शंभराचं. मग हजाराचं.
त्यांना आता ऐकू येत नाही.
उजव्या कानात डिझेल भरलंय, असं आई म्हणते.
पूर्वी म्हणे फाटकातून शिरणाऱ्या जीपचा
कितवा प्लग मेलाय ते ओट्यावरून सांगत.
आता बॉनेटवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात,
मी न्यूट्रलवर रेस देते.
दे. सोड. अजून दे.
हं, इथं अडखळून राहिली.

फुकटाचं : रेडिएटरमधलं पाणी, गाडी पूर्ण थंड झाल्यावरच
(गरम झाकण उघडणाऱ्या सुखदेव मडावीची
छाती कशी भाजली, हे पुन्हा एकदा ऐकून).
ऑइलची पट्टी पुसली, बुडवली, काढली.
दुधाळ फेस नाही.
सायलेन्सरमागे पांढरा धूर नाही.
म्हणजे गॅस्केट बहुधा शाबूत,
अठरा हजार वाचले,
जे मुळात नव्हतेच.

शंभराचं : रेडिएटरचं झाकण, एकशे तीस रुपये.
जुन्याचं रबर खारकेसारखं वाळलेलं,
मी तर जिंकल्यासारखी घरी आले.
काटा तरीही चढला.

मग संध्याकाळी इंजिन चालू ठेवून
आम्ही दोघं पंख्याची वाट पाहत उभे राहिलो.
काटा अर्ध्यावर. अर्ध्याच्या वर.
बाबांनी जाळीपुढे हात धरला. वारा नाही.
बंद कर.
बॅटरीवरून थेट वायर दिली तर पंखा फिरला,
म्हणजे पंखा निर्दोष. फ्यूज निर्दोष.
दोषी निघाला अर्थिंगचा एक बोल्ट,
बॉडीला धरलेला, हिरव्या बुरशीनं माखलेला,
माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
पॉलिश पेपर, तीन रुपये.
पुन्हा चालू केली. काटा अर्ध्यावर आला आणि
बाबांच्या सदऱ्याची टोकं फडफडली.
आवाज त्यांना आला नसणारच,
पण ते शेजारच्या कांबळेकाकूंना ओरडून म्हणाले,
लागला!

मी म्हटलं, चला, फिरवून आणते. मागे बसा, आरामात.
ते पुढेच बसले.
मागून काही समजत नाई, म्हणाले.

अजनी पुलाच्या चढावर, चाळीस-पंचेचाळीसला,
डावीकडून एक टकटक येते.
वळताना वाढत नाही, म्हणजे जॉइंट नाही.
ब्रेकवर थांबत नाही.
डिकीतला जॅक काढून पाहिला, तोही नाही.
मी ती सांगितली तेव्हा बाबांनी चप्पल काढली,
अनवाणी पाय फ्लोअरवर टेकवला
आणि पूल संपेपर्यंत काही बोलले नाहीत.

एक तारखेनंतर पाहू.