झाड

उद्यमनगरात संध्याकाळी लेथ थांबतात.
शटर अर्धं ओढून दस्तगीर शिकलगार विचारतात,
"बाई, गाडी कुणाची?"
माझी, म्हटलं.
"आणि पळवणार कोण?"
मीच, म्हटलं.
त्यांनी हात पुसले, आधी चिंधीला, मग पँटला,
आणि म्हणाले, "बसा. चहा सांगतो."

मी शिरोलीच्या फौंड्रीत तपासणीला.
अकरा वर्षं व्हर्नियर हातात,
दोन शतांश जास्त भरलं की पेटी परत.
वाटायचं, मोजमापातलं आपल्याला कळतं.
पहिल्या महिन्यात कळलं ते एवढंच
की कुठं थांबायचं नाही.
टायर तापवताना मागं नाही.
कुणी हेल्मेट चढवलं की बोलायचं नाही.
हरून आलेल्याला टाइम विचारायचा नाही,
हातातली चिठ्ठी त्यानं स्वतः उलटली
की मग.

पोरं वीस-बावीसची. मला काय म्हणावं कळेना त्यांना.
मॅडम झालं, ताई झालं,
शेवटी नुसतं "तपासणी".
ए तपासणी, तेरा नंबरचा पाना दे.
ए तपासणी, पब्लिक आत शिरायलंय, दोरी धर.
तीन रविवार मी दोरी धरली,
एक रविवार नुसती छत्री,
उघड्या कार्बोरेटरवर धूळ बसू नये म्हणून.
आई विचारायची, पळवलीस का गाडी?
नाही गं. पण जेट बदलताना बघितला.

प्लग वाचायला शिकवलं सुकुमार मगदूमनं.
बी.कॉमचे दोन विषय राहिलेत त्याचे.
पांढरा पडला तर गाडी उपाशी,
काळा पडला तर जास्त प्यालेली,
"आणि चहागत रंग आला, तपासणी,
तर समजायचं, पोटभर जेवलीया."

कागलच्या पुढं, बंद सूतगिरणीच्या आवारात
सरळ सिमेंटचा पट्टा. चारशे दोन मीटर,
मग थांबायला तेवढंच, मग कुणाचातरी शाळू.
कडेला ॲम्ब्युलन्स, आणि शेंगा सोलत यल्लाप्पा,
दिवसभर काम लागू नये म्हणून आलेला
एकटाच माणूस.
आणि सुरुवातीला झाड.
झाड म्हणजे खांब. खांबाला दिवे.
पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा.
ह्या झाडाखाली उभं राहायला
निपाणीहून, इचलकरंजीहून लोक गाड्या टेम्पोत घालून आणतात.

माझ्या पाळीच्या आदल्या रात्री क्लच गेला.
प्लेटांना करपलेल्या भाकरीचा वास.
दुकानं बंद. मी गाडीवर कापड टाकलं.
साडेदहाला सुकुमार दारात, हातात कापडी पिशवी.
"नव्या न्हाईत. पण चालतील."
अरे, उद्या माझ्यासमोर तूच आहेस.
"मग? एकट्यानं पळू व्हय?"

हेल्मेटच्या आत फक्त आपला श्वास,
आपल्याच गालावर.
पिवळा.
पिवळा.
पिवळा आणि
मी सुटले.

माझ्या बाजूला लाल लागला, हे मला कुणी नंतर सांगितलं.
मी पळवलीच. दुसरा, तिसरा,
चौथा टाकताना पाय चुकला, परत टाकला,
सुकुमार उजवीकडं होता, मग नव्हता,
मग त्याचं मागचं चाक,
मग शाळू, एकदम जवळ, हिरवागार.

परत आले तर कुणी काही विचारलं नाही.
दस्तगीरमिस्त्री आभाळाकडं बघत राहिले.
मी चिठ्ठी उलटली.
सतरा शतांश लवकर.
फौंड्रीत असते तर मीच परत पाठवली असती मला.

"दोन-चार महिने जाऊ द्या," मिस्त्री म्हणाले.
पुढचं त्यांनी गिळलं, की मला ऐकू आलं नाही.

सुकुमार आला. जिंकलेला, घामानं भिजलेला.
"तपासणी, त्या प्लेटा दे बघू माघारी.
सेमीला माझ्या तटतील असं वाटंना."

मी खाली बसले. कव्हर अजून पोळत होतं.
पहिला बोल्ट सैल केला, दुसरा केला,
आणि डोक्यावर सावली आली.
छत्री कुणी धरली होती
ते मी मान वर करून बघितलं नाही,
तिसरा बोल्ट घट्ट होता.