सातवा वेढा

पट्टा सात मीटरचा, काळ्या लोकरीचा,
इन्यासिओच्या बापाने कमरेला बांधलेला.
एक टोक मी धरते गोठ्याच्या दारात,
दुसरं तो बेंबीवर दाबतो
आणि गिरक्या घेत येतो माझ्याकडे,
स्वतःच स्वतःला जाळी गुंडाळणारा भोवरा.

गेल्या वर्षी साडेपाच वेढ्यांत संपायचा पट्टा.

दवाखान्यातल्या लोरेआने
बोटातून थेंब काढला, आकडा बघितला,
मग पोटाला टेप लावली. एकशे अठ्ठावीस.
म्हणाली, काका, चरबी उतरवा, ताकद नको.
हा म्हणाला, पोरी, दोन्ही एकाच पोत्यात भरलंय,
निवडू कसं?

त्या रात्री तो जेवला नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही.
तीन आठवड्यांत सहा किलो गेले
आणि शंभराचा दगड मांडीवरून वर येईना.
लोरेआ भडकली.
थंडी वाजली की सरपण जाळतात, काका,
तुम्ही तुळया घातल्यात चुलीत.

मग हळू.
इतकं हळू की कंटाळा मलाच यायचा.
महिन्याला दीड किलो, कधी एक,
फेब्रुवारीत शून्य.
(फेब्रुवारीत सफरचंदाच्या दारूची पिंपं उघडतात
आणि आमचा पुतण्या पिंपाशीच बसलेला असतो.)
सकाळी तीन अंडी, दुपारी मासा,
काळा घेवडा, पण डुकराच्या चरबीचा तुकडा न घालता.
सासूबाई योशेपा त्या भांड्याकडे बघायच्या
घरात सुतक असल्यासारख्या.
रात्री मेंढीच्या दुधाचं दही, वर मध नाही.
दहाला दिवा बंद.
आणि आठवड्यातून तीनदा दगड,
फेऱ्या थोड्या, वजन तेच.
हे मला पटायला वेळ लागला.
भुकेलं शरीर घर आवरायला काढतं,
त्याला सारखं बजावावं लागतं,
हे राहू दे, हे लागतं आपल्याला.

एक गोष्ट मात्र लोरेआलाही माहीत नव्हती.
ते पोट म्हणजे फळी होती त्याची.
वीस वर्षं दगड मांडीवरून त्या फळीवर टेकायचा,
एक श्वास,
मग खांदा.
फळी गेली. दगड बरगडी खरवडत खाली आला.
एप्रिलभर छाती निळी-पिवळी.
मलम लावताना
हाडं लागली माझ्या बोटांना,
बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा,
आणि खरं सांगते, मी हात मागे घेतला.
अंधारात कुणा परक्याला शिवल्यासारखं.

गावात बोलणं सुरू झालं, इन्यासिओ वाळला.
खाटकाने मला बाजूला घेऊन विचारलं,
डॉक्टर काय म्हणतात?
चढलेली चरबी साऱ्या गावाला दिसते,
पिळाचं तसं नाही,
सुंभ जळाल्यावरच तो मोजता येतो.

सप्टेंबरात जत्रा.
एकशे पंचवीसचा दगड, ग्रॅनाइटचा,
त्याने वर्षभरात एक ग्रॅमही उतरवलेला नाही.
सकाळी गोठ्याच्या दारात मी पट्टा धरला.
पाचवा वेढा. सहावा.
आता संपेल म्हणून मूठ सैल केली,
तर तो अजून फिरत होता,
सातव्यात शिरला
आणि पाव वेढा राहिला असता थांबला,
माझी मूठ त्याच्या कमरेत अडकलेली.
बोलला नाही. मीही नाही.

चौकात त्याने नऊदा उचलला.
गेल्या वर्षीही नऊच होते,
तेव्हा नंतर गाडीला टेकून बसला होता पाऊण तास,
ओठ जांभळे.
या वर्षी दहाव्याला हात घातला,
मांडीवर घेतला, छातीवर घेतला,
आणि मग, कुणी म्हणालं नसताना,
गादीवर सोडून दिला.

खाटकाने टाळ्या वाजवल्या, थोड्या उशिरा.

घरी योशेपाबाईंनी भांडं पुढे ठेवलं.
झाकण काढण्याआधीच वास आला,
आज तुकडा घातलेला होता.
त्याने माझ्याकडे बघितलं.
मी पट्ट्याची घडी घालत होते,
सात मीटर, लांब काम असतं ते.